गोळी की सुई? आधी पिंजऱ्याचं बोला

ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री ओवेन पॅटरसन यांना एका मुलाखतीत विचारलं गेलं, की सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशर या इंग्लंडमधल्या परगण्यांत गुरांचा क्षय रोखण्यासाठी ठरल्याइतके बॅजर (बिळात राहणारे रानटी प्राणी) मारता आले नाहीत म्हणून तुम्ही आता निकषच बदलताय का? त्यांनी उत्तर दिलं, ‘‘गोलपोस्ट बॅजरांनी हलवले.’’ (इंग्रजीत गोलपोस्ट हलवणं म्हणजे मध्येच निकष बदलणं.) देशभर त्यांची टर उडवली गेली आणि विषय तिथेच विरला. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा होता. गुरांच्या क्षयरोगावरून इंग्लंडमध्ये पन्नासहून अधिक वर्षं चाललेल्या भांडणात एक बाजू म्हणते बॅजर मारा, दुसरी म्हणते त्यांना लस टोचा. पण बिळात राहणारा, रात्री फिरणारा हा प्राणी मुळात माणसाच्या हाती किती येतो, हा प्रश्न दोन्ही बाजू तळटीपेत ढकलतात. मला तो पहिल्या पानावर हवा आहे. माझं म्हणणं असं: बॅजर सगळे कधीच पकडले जात नाहीत हे गृहीत धरूनच धोरण ठरवलं पाहिजे, आणि ते एकदा गृहीत धरलं की मारण्याची बाजू लंगडी पडते. मारण्याचं काम अर्धवट राहिलं तर रोग पसरू शकतो. लसीकरण अर्धवट राहिलं तर फायदा कमी होतो, नुकसान होत नाही.

आधी शेतकऱ्याचं दुःख, कारण प्राणिप्रेमींच्या लिखाणात त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. गाईच्या मानेवर दोन ठिकाणी इंजेक्शन देतात, एक पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासून बनवलेलं आणि एक गुरांच्या. बहात्तर तासांनी पशुवैद्य येऊन सूज मोजतो. गुरांच्या बाजूची सूज जास्त निघाली की ती गाय कत्तलखान्यात जाते. गाभण असो, कळपातली सगळ्यात दुभती असो, गोठ्यातच जन्मलेली असो. उरलेल्या गुरांची विक्री आणि हलवाहलव बंद होते, साठ दिवसांनी पुन्हा चाचणी, मग पुन्हा. इंग्लंडमध्ये दरवर्षी वीस हजारांच्या आसपास गुरं या रोगापायी मारली जातात आणि सरकारी तिजोरीवर दहा कोटी पौंडांहून अधिक भार पडतो. आपलं कुरण आणि बॅजरांची बिळं यांच्यात फक्त एक कुंपण असलेल्या माणसाने ‘त्यांचं काहीतरी करा’ म्हटलं तर ते क्रौर्य नव्हे. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशरमध्ये क्षयाने मेलेला बॅजर सापडला तेव्हापासून हा संशय निराधार राहिलेला नाही. बॅजर गुरांना रोग देतात, हे मी मान्य करूनच पुढे जातो. जे लोक आजही हे नाकारतात त्यांच्यामुळे बॅजरांची बाजू कमकुवत होते.

आता पिंजरा. जाड तारेच्या जाळीची लांबट पेटी, एका टोकाला वरून पडणारं दार. हे लावून शेंगदाणे टाकले की काम झालं असं वाटतं, पण खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. प्रथम बिळं वाचावी लागतात. तोंडाशी ताजी माती उकरलेली आहे का, अंथरुणासाठी ओढून नेलेल्या सुक्या गवताच्या काड्या वाटेवर सांडल्या आहेत का, विष्ठेचे खड्डे कुठे आहेत, कुंपणाखालून कोणती पायवाट जाते. एका कुटुंबगटाची मुख्य वसाहत असते, तिला अनेक तोंडं असतात, शिवाय आसपास विखुरलेली उपबिळं. पिंजरा त्या वाटेलगत ठेवतात आणि तळाशी माती पसरतात, म्हणजे पायाला तार लागत नाही. मग दार उघडंच बांधून ठेवून आठवडाभर किंवा अधिक दिवस रोज शेंगदाणे टाकायचे. आधी तोंडाशी, मग आत, मग अगदी मागच्या टोकाला, एका दगडाखाली. दगड अशासाठी, की खारी आणि पक्षी दाणे पळवू नयेत. बॅजरला मात्र तो दगड नाकाने सहज उलटवता येतो. ठरलेल्या दिवशी त्याच दगडाला दोरी बांधतात. दगड हलला की दार पडतं. पिंजरे दिवस उतरताना लावायचे आणि उजाडता उजाडता तपासायचे, कारण उघड्या जाळीत उन्हात अडकलेल्या जनावराचे हाल माणसाच्या आळसामुळेच होतात.

एवढं करूनही सगळे येत नाहीत. का येत नाहीत, हे पाहिलं की पॅटरसन यांच्या वाक्यातलं तथ्य कळतं. बॅजरचं मुख्य अन्न गांडुळं. पाऊस पडून रात्र ओली आणि उबदार असली की गांडुळं गवतावर वर येतात आणि एका रात्रीत तो शे-दोनशे सहज फस्त करतो. अशा रात्री दगडाखालच्या दाण्यांची त्याला काय किंमत? कोरड्या उन्हाळ्यात, जमीन कडक झाल्यावर, तोच बॅजर भुकेने पिंजऱ्यात शिरतो. म्हणजे तुमची टक्केवारी हवामानावर झुलते. पिल्लं फेब्रुवारीच्या सुमारास बिळात जन्मतात आणि वसंतात बाहेर येईपर्यंत त्यांना पकडणं अशक्य, आणि त्याच काळात आईला पकडून मारलं तर पिल्लं आत उपाशी मरतात. म्हणून ते महिने बंद ठेवावे लागतात. ग्लॉस्टरशरमधल्या वुडचेस्टर पार्कमध्ये १९७६ पासून बॅजर पकडून, तपासून, खूण करून सोडण्याचा अभ्यास चालू आहे. पकडण्याचं काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट अशा दीर्घ अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते: काही बॅजर दाण्यांच्या लोभाने परत परत पिंजऱ्यात येऊन बसतात, आणि काही पिंजऱ्याकडे फिरकतच नाहीत. पहिल्या प्रकारचा बॅजर आत बसून राहिला की दुसऱ्यासाठी तो पिंजरा त्या रात्रीपुरता बादच. पिंजऱ्याला बिचकणारे हे बॅजर मोजणीतही नीट येत नाहीत. मग एकूण किती होते आणि त्यांतले किती पकडले, हे सांगायचं कशाच्या आधारावर?

अमेरिकेतला बॅजर वेगळा आणि त्याला पकडणाऱ्याची अडचणही वेगळी. तो एकटा राहतो, जमिनीतल्या खारींमागे बिळं खणत फिरतो, आणि तिथले फासे लावणारे त्याला बहुधा पाय धरणाऱ्या सापळ्यात पकडतात. पुष्कळदा तर कोयोटी या लांडग्यासारख्या लहान प्राण्यासाठी लावलेल्या सापळ्यात तो नको असताना सापडतो. सापडला की साखळी पुरेल तितक्या गोलात जमीन नांगरल्यासारखी उकरून टाकतो आणि खुंटीच मोकळी करतो. म्हणून जाणते लोक लांब किंवा दुहेरी खुंट्या ठोकतात, नाहीतर साखळीला ओढत जाईल असा आकडा बांधतात. तिथला झगडा ताकदीशी आहे. सुटला तर एक जनावर सुटलं, बाकीच्यांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. युरोपातला बॅजर गटाने राहतो, आपल्या गटाच्या हद्दी विष्ठेच्या खड्ड्यांनी आखतो आणि राखतो. तिथे सुटलेला एक बॅजर हा नुसता आकड्यातला एक नसतो. गट मोडला की उरलेल्यांचं फिरणंच बदलतं. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे दाखले देऊन ‘तिकडे जमतं, इकडे का नाही’ असं विचारणारे हा फरक विसरतात.

हा बदल किती महाग पडतो हे ब्रिटनने मोजून पाहिलेलं आहे, आणि मोजून विसरलेलंही. बॅजर संपवून प्रश्न संपवण्याचा विचार तसा फार जुना. राणी एलिझाबेथच्या काळातल्या १५६६ च्या कायद्याने बॅजरच्या डोक्याला बारा पेन्स बक्षीस ठरलं होतं आणि चर्चचे कारभारी ते मोजून देत. शतकानुशतकं डोकी जमा झाली, बॅजर मात्र राहिले. १९७५ पासून सरकारने बिळांत सायनाइडचा विषारी वायू सोडायला सुरुवात केली. पिंजरा नको, दाणे नकोत, जनावर हाती यायलाच नको. १९८२ मध्ये ते थांबवावं लागलं, कारण बिळाच्या वळणावळणांत वायू पुरेसा पोचत नव्हता आणि ज्यांच्यापर्यंत अर्धवट पोचे ते हालहाल होऊन मरत. तेव्हाही चूक तीच होती. जनावर हाताला लागत नाही ही अडचण सोडवायच्या ऐवजी तिला वळसा घालायचा, आणि वळशाच्या पलीकडे तीच अडचण आणखी क्रूर होऊन उभी.

मग आली १९९८ ची मोठी चाचणी. दर क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरचं, अशी तीस क्षेत्रं तीन-तीनच्या दहा गटांत. प्रत्येक गटात एका क्षेत्रात सगळीकडे पिंजरे लावून बॅजर मारायचे, दुसऱ्यात फक्त रोग निघालेल्या शेताभोवतीचे, तिसऱ्यात काहीच करायचं नाही. पकडण्याची पद्धत पिंजऱ्याची, मग तिथेच गोळी. सुमारे अकरा हजार बॅजर मारले गेले, पाच कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाला. रोगाच्या जागेभोवती मारण्याचा दुसरा प्रकार नोव्हेंबर २००३ मध्ये घाईने बंद केला गेला, कारण तिथे गुरांतला रोग सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पहिल्या प्रकारात, जिथे सरसकट मारलं, तिथे आतल्या भागात गुरांतला क्षय सुमारे २३ टक्क्यांनी घटला आणि हद्दीबाहेरच्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात जवळजवळ तेवढाच वाढला. पिंजऱ्यातून सुटलेले बॅजर रिकाम्या झालेल्या हद्दी ओलांडून दूरवर फिरू लागले, नव्या गटांत मिसळू लागले, आणि वारंवार मारलेल्या भागांत उरलेल्या बॅजरांतच रोगाचं प्रमाण चढलं. अर्धवट उपटलेली हराळी चौफेर फुटावी तसं झालं. जॉन बोर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र शास्त्रीय गटाने २००७ मध्ये निष्कर्ष काढला, की ब्रिटनमध्ये गुरांचा क्षय आटोक्यात आणायला बॅजर मारण्याचा अर्थपूर्ण हातभार लागू शकत नाही.

या निष्कर्षाला धरून राहणाऱ्यांनी पुढचं मात्र सोयीने वाचू नये. २०१३ पासूनच्या मोठ्या, सलग, वर्षानुवर्षं चाललेल्या मोहिमांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पहिल्या चार वर्षांत तुलनेच्या भागांपेक्षा ग्लॉस्टरशरमध्ये गुरांतल्या नव्या प्रादुर्भावांचं प्रमाण ६६ टक्क्यांनी आणि सॉमरसेटमध्ये ३७ टक्क्यांनी कमी होतं. त्याच वर्षी वुडचेस्टरच्या परिसरातल्या जंतूंच्या जनुकीय वाचनातून दिसलं, की तिथे रोग गुरांकडून बॅजरांकडे जाण्यापेक्षा बॅजरांकडून गुरांकडे जास्त वेळा गेला होता. हे मारण्याच्या बाजूचे सगळ्यात भक्कम पुरावे आहेत आणि मी ते बाजूला सारत नाही. मग तरी मी मारण्याच्या विरोधात का?

पहिलं कारण, त्याच जनुकीय वाचनात हेही दिसलं की गाईकडून गाईला आणि बॅजरकडून बॅजरला होणारा प्रसार हा दोन जातींमधल्या प्रसारापेक्षा जास्त होता. दुसरं कारण, त्याच वर्षांत गुरांच्या चाचण्या आणि हलवाहलवीचे नियमही कडक होत गेले. घसरणीतला किती वाटा बॅजर मारण्याचा आणि किती गोठ्यातल्या शिस्तीचा, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण समजा, सगळं श्रेय मारण्यालाच दिलं. तरी ते मिळवायला काय करावं लागलं? विस्तीर्ण भूभाग, नदी-रस्त्यांसारख्या कठीण हद्दी, जवळजवळ सगळ्या जमीनमालकांची संमती, सत्तर टक्के किंवा अधिक बॅजर काढण्याचं लक्ष्य, आणि ते दरवर्षी. २०१३ पासून दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार इंग्लंड आणि वेल्स मिळून बॅजर होते सुमारे ४ लाख ८५ हजार. एखादं धोरण सतत, सर्वत्र आणि जवळजवळ पूर्णत्वाने राबवलं तरच चालतं, आणि जरा ढिलं पडलं की उलटतं, तर ते कोणत्या देशाच्या कोणत्या खात्याला दहा-वीस वर्षं पेलेल? मंत्री बदलतात, अंदाजपत्रकं कापली जातात, एखादा जमीनमालक दार लावून घेतो, एखादा पावसाळी सप्टेंबर येतो. २००१ मध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा १९९८ ची ती मोठी चाचणीच थांबली होती. गुरांच्या क्षयचाचण्याही थांबल्या, आणि नंतर बॅजरांमधला रोग चढलेला दिसला. गाई तपासायच्या राहिल्या आणि बॅजर आजारी पडले, यातून रोगाची वाट दोन्ही दिशांना वाहते हे उघडच झालं.

टक्केवारीचाच आणखी एक घोळ. सॉमरसेटच्या पथदर्शी भागात आधी २,४०० च्या आसपास बॅजर आहेत असं धरलं होतं, मोहीम संपत आली तेव्हा अंदाज १,४५० वर आला. सहा आठवड्यांत ८५० मारले. नव्या अंदाजाने ते एकोणसाठ टक्के, जुन्याने पस्तीसच्या आसपास. मेलेले बॅजर तेवढेच, फक्त छेद बदलला. पुढे स्वतंत्र तज्ज्ञ समितीने हिशेब लावला तेव्हा सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशर या दोन्ही भागांत निम्म्याहून कमी बॅजर मारले गेले होते. याच समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पिंजरा खर्चिक आणि कष्टाचा म्हणून सरकारने मोकळ्या रानात रात्री बंदुकीने मारण्याची मुभा दिली होती. ते चाललं नाही. गोळी लागलेल्यांपैकी ७.४ ते २२.८ टक्के बॅजरांना मरायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला असावा, असा समितीचा अंदाज होता. १९७५ मध्ये वायूने जो वळसा घेतला तोच २०१३ मध्ये बंदुकीने घेतला. तरीही पुढच्या वर्षांत मोकळ्या बंदुकीचाच वापर वाढत गेला, आणि हे मला आजही समजत नाही, मान्य तर त्याहून नाही.

आता लसीच्या बाजूचे कच्चे दुवे. लस आधीच आजारी असलेल्या बॅजरला बरं करत नाही. दरवर्षी नव्या पिल्लांसाठी पुन्हा पिंजरे लावावे लागतात. वेल्सने २०१२ मध्ये पेंब्रोकशरच्या भागात लसीकरण सुरू केलं तेव्हा पहिल्या वर्षी एका बॅजरमागे सुमारे ६६० पौंड खर्च आला. २०१५ च्या अखेरीस जगभर बीसीजीचा, म्हणजे बॅजरांनाही टोचतात त्याच क्षयाच्या लसीचा, तुटवडा पडला आणि माणसांच्या बाळांना लस आधी हवी म्हणून तो कार्यक्रम थांबवावा लागला. लसीकरणाने गुरांतला रोग किती कमी होतो याचा पुरावा अजून पातळ आहे. ‘मारण्याला पुरावा मागता, मग टोचण्याला का नाही?’ असं शेतकरी विचारतात आणि तो प्रश्न योग्यच आहे.

उत्तर पुन्हा पिंजऱ्यातच सापडतं. लसीसाठीही पिंजरा तोच, दाणे तेच, दगड तोच. फरक पहाटे पडतो. आत बसलेल्या बॅजरच्या स्नायूत जाळीतून सुई टोचतात, केसांचा एक झुबका कापतात, वर रंगाची फवारणी करतात म्हणजे दुसऱ्या रात्री तोच आला तर ओळखू येईल, आणि दार उघडतात. तो आपल्या बिळात, आपल्या गटात, आपल्या हद्दीत परत जातो. गट शाबूत राहिला की हद्दी शाबूत राहतात आणि परके बॅजर आत घुसत नाहीत. जे पिंजऱ्यात आले नाहीत त्यांचं काय? ग्लॉस्टरशरमधल्या अभ्यासाचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष हा या सगळ्या वादाचा कणा असायला हवा होता: गटातल्या एक तृतीयांशाहून अधिक बॅजरांना लस मिळाली, तर त्याच गटातल्या लस न मिळालेल्या पिल्लांचा धोका ७९ टक्क्यांनी घटला. एक तृतीयांश! मारणाऱ्याला सत्तर टक्के हवेत आणि ते हुकले तर धोका वाढण्याची भीती. टोचणाऱ्याला तेहतीस मिळाले तरी न पकडलेल्या पिल्लाला फायदा. बॅजरच्या बिचकण्याला सामावून घेणारी पद्धत यातली कोणती? कॉर्नवॉलमध्ये शेतकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांबरोबर चार वर्षं लसीकरण केलं. सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या त्या भागात बॅजरांतलं रोगाच्या चाचणीत सापडण्याचं प्रमाण सोळा टक्क्यांवरून शून्यावर आलं. भाग लहान आहे, एवढ्यावरून देशाचं धोरण ठरत नाही हे खरं. पण तिथले शेतकरी आपणहून पुढे आले, आणि हा धागा सोडता कामा नये.

इतिहासात याचा जवळचा नमुना आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत मध्य युरोपात कोल्ह्यांमधून पिसाळी (रेबीज) पसरत होती. उपाय म्हणून कोल्हे गोळ्या घालून मारले, बिळांत वायू सोडला. कोल्हे पुन्हा वाढले. मेले ते प्रामुख्याने त्याच बिळांत राहणारे बॅजर, आणि कित्येक भागांत ते जवळजवळ नाहीसे झाले. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. तिथून सुरू झालेल्या तोंडी लसीने पश्चिम आणि मध्य युरोपातून कोल्ह्यांची पिसाळी मागे हटवली. विरोधक म्हणतील, न्यूझीलंडचं काय? तिथे पॉसम मारूनच गुरांचा क्षय आटोक्यात आणला. खरं आहे. पण पॉसम तिथे बाहेरून आणलेला प्राणी, त्याला समूळ काढणं हेच तिथलं उद्दिष्ट, आणि त्यासाठी विमानातून विष टाकायलाही तो देश तयार झाला. इंग्लंडमध्ये बॅजर मूळचा आहे, १९७३ पासून कायद्याने राखलेला आहे, आणि त्याला संपवण्याचं उद्दिष्ट मारण्याच्या बाजूचे लोकही मांडत नाहीत. समूळ काढायचं नाही आणि अर्धवट काढणं धोक्याचं, मग न्यूझीलंडचा दाखला इथे लागू पडतो कसा?

प्राणिप्रेमींनाही एक कडवट गोष्ट सांगितली पाहिजे. १९९८ च्या चाचणीत कार्यकर्त्यांनी मोठ्या संख्येने पिंजरे मोडले, पळवले. त्यांच्या दृष्टीने पिंजरा म्हणजेच अत्याचार. त्याच चाचणीतल्या पिंजऱ्यांत सापडलेल्या बॅजरांची तपासणी झाली तेव्हा ८८ टक्क्यांना पिंजऱ्यामुळे झालेली कोणतीही इजा आढळली नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना किरकोळ खरचटलं होतं, दात किंवा जबड्याची इजा दोन टक्क्यांहून कमी जणांना. ती इजाही वेदनेची आहे, आणि पिंजरा लवकर तपासून, गंजलेली तार बदलून ती आणखी कमी करता येते. पण पिंजऱ्यालाच शत्रू मानलं तर लस टोचायची कशी? पिंजरे मोडण्याच्या त्या सवयीने पिंजरा लावणाऱ्या माणसालाही शत्रू करून ठेवलं. बिळं वाचणारा, पहाटे चारला उठून चिखलातून वीस पिंजरे फिरणारा, दार पडलेलं पाहून आधी आवाज न करता थांबणारा हा माणूस कुठल्याच समितीत नसतो. शास्त्रज्ञ त्याच्या नोंदींवरून आलेख काढतात, मंत्री त्या आलेखावरून भाषण करतात, कार्यकर्ते भाषणावर निदर्शनं करतात. त्याला कुणी विचारत नाही, की या डोंगरउतारावर या आठवड्यात किती येतील.

गोठ्याचं कामही टळत नाही, हे लिहायला हवं. कातडीवरची ती चाचणी काही रोगी गुरं सोडून देते, आणि सुटलेली गाय बाजारात विकली गेली की तिच्याबरोबर रोग एका रात्रीत शे-दीडशे मैल जातो. कुठलाही बॅजर तेवढा चालत नाही. गुरांच्या लसीचं कामही चालू आहे. बॅजरांबद्दल काहीही ठरलं तरी या गोष्टी थांबता कामा नयेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनच्या नव्या सरकारने जाहीर केलं, की या संसदेच्या मुदतीअखेर बॅजर मारणं बंद होईल, देशभर बॅजरांची नव्याने मोजणी होईल आणि लस टोचणारं एक पथक उभं राहील. दिशा बरोबर आहे, पण तपशिलात मला भीती वाटते. मोजणी आधी झाली पाहिजे आणि ती मोहीम चालवणाऱ्यांच्या हाती नसली पाहिजे, नाहीतर छेद बदलून यश दाखवण्याचा प्रकार लसीच्या बाबतीतही होईल. लसीचे अहवालही किती बॅजरांना टोचलं एवढंच सांगून थांबू नयेत. कोणत्या गटातल्या किती टक्क्यांना, किती रात्रींत, कोणत्या हवामानात, आणि कोणत्या वसाहतीत एकही आला नाही, हे त्यांत हवं. २०१९ मध्ये डर्बीशरमध्ये सरकारने मारण्याचा परवाना नाकारला आणि २०२० मध्ये तिथेच दिला. ज्या जिल्ह्यात स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं लस टोचली होती, तिथेच बंदुका आल्या. असं पुन्हा झालं तर कुणीही शेतकरी आपल्या कुरणात लसीचा पिंजरा लावू देणार नाही. म्हणून लसीकरणाच्या भागांना किमान दहा वर्षांचं लेखी संरक्षण हवं. आणि आज मारण्याच्या कंत्राटांवर काम करणारी जी माणसं आहेत, ज्यांना पिंजरा कुठे लावावा हे कळतं, त्यांना मोहिमा संपेपर्यंत ताटकळत ठेवू नये. याच हंगामात त्यांना सुई धरायचं प्रशिक्षण द्यावं, त्याच दराने पगार द्यावा आणि पथकाच्या यादीत त्यांची नावं सगळ्यात आधी लिहावीत. ही माणसं दुसऱ्या कामाला लागली तर बिळं वाचायला नव्या लोकांना शिकवण्यात पुढची कित्येक वर्षं जातील, आणि तेवढा वेळ ना शेतकऱ्याकडे आहे ना बॅजरकडे.